दोन प्रतलांचा मेळ : सातारा-सांगली परिसरातील छायाचित्रण आणि फोकसिंग स्क्रीनचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील छायाचित्रणाचा इतिहास आजवर मुख्यतः छायाचित्रकार, त्यांचे स्टुडिओ आणि गाजलेली छायाचित्रे यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. कॅमेरा प्रथम कोणी आणला, कोणी बनवला, त्यातून कोणाला टिपले, हे प्रश्न आपण विचारले. कॅमेरा बिघडल्यावर तो कोणी आणि कशाच्या आधारे नीट केला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांपेक्षा वापराच्या आणि देखभालीच्या बाजूने पाहिला पाहिजे, अशी मांडणी डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात केली. आपल्याकडील तालुक्याच्या गावांतील यंत्रजीवनाला ही दृष्टी विशेष लागू पडते, कारण येथे यंत्रे शोधली गेली त्याहून कितीतरी अधिक ती जगवली गेली.

प्रस्तुत लेखाचा विषय कॅमेऱ्यातील एक लहानसा भाग आहे. ज्या दुधी काचेवर किंवा प्लास्टिकच्या चकतीवर प्रतिमा पाहून छायाचित्रकार हाताने फोकस साधतो, तिला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. प्रत्यक्ष छायाचित्र या स्क्रीनवर उमटत नाही. ते उमटते प्लेटवर, फिल्मवर किंवा अलीकडच्या काळात संवेदकावर. म्हणजे छायाचित्रकार पाहतो एका प्रतलावर आणि चित्र घेतो दुसऱ्यावर. ही दोन प्रतले भिंगापासून तंतोतंत सारख्या अंतरावर असतील तरच डोळ्याला रेखीव दिसलेले चित्र कागदावरही रेखीव उतरेल. हा मेळ जुळवण्याचा अधिकार कोणाच्या हातात होता, तो केव्हा गेला आणि काही अंशी परत कसा आला, एवढाच येथील विवेचनाचा विषय आहे.

क्षेत्र म्हणून सातारा आणि सांगली एकत्र घेण्याचे कारण प्रशासकीय इतिहासातच आहे. जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेली संस्थाने मिळून १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठचा हा पट्टा व्यापार, नाटक आणि कारागिरी या तिन्ही बाबतींत दीर्घकाळ एकच होता. लगतच्या कोल्हापूरला वगळून त्याचा विचार करता येत नाही.

दुधी काच

छायाचित्रणाची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली. सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले ते १८४३ साली. म्हणजे मराठी रंगभूमी आणि छायाचित्रण ही जवळपास एका वयाची भावंडे होत. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पाठोपाठ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीय या कलेत पुढे आले. तेथून ही विद्या रेल्वेच्या आणि संस्थानिकांच्या आश्रयाने देशावर पसरली.

त्या काळच्या लाकडी कॅमेऱ्याची रचना साधी होती. पुढे भिंग, मध्ये कापडाचा किंवा चामड्याचा भाता, मागे दुधी काचेची चौकट. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन काचेवरची उलटी प्रतिमा पाही, भाता मागेपुढे सरकवून ती रेखीव करी, मग चौकट बाजूला सारून त्याच जागी प्लेटची पेटी बसवी. पाहण्याचे आणि टिपण्याचे प्रतल येथे एकाच जागेवर आलटूनपालटून येत असे. पेटीतील प्लेट आणि चौकटीतील काचेची खरखरीत बाजू एकाच खोलीवर असणे, हीच सारी अचूकता.

ही काच ठिसूळ. प्रवासात ती फुटणे नित्याचेच. पण ती नव्याने करणे अवघड नव्हते. खिडकीच्या काचेचा मापात कापलेला तुकडा घ्यावा, त्यावर बारीक एमरीची पूड व पाणी टाकून दुसऱ्या काचेने गोल गोल घासावे, की तास-दोन तासांत कामचलाऊ दुधी काच तयार होई. सारी मेख ती बसवण्यात असे. घासलेली बाजू भिंगाकडेच हवी. दोन मिलिमीटर जाडीची काच उलटी बसली, तर काचेचा अपवर्तनांक जमेस धरूनही पाहण्याचे प्रतल सुमारे १.३ मिलिमीटरने मागे जाते. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु २१० मिलिमीटरच्या भिंगाने तीन मीटरवरील माणसाचे चित्र घेताना एवढ्या फरकाने फोकस सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, मागे सरकतो. कुटुंबाच्या समूहचित्रात पुढे खुर्चीवर बसलेली वडीलधारी मंडळी धूसर आणि मागे उभी असलेली सुना-मुले मात्र स्वच्छ, असे चित्र कोठे आढळले तर त्याचा दोष दर वेळी वृद्धांच्या हलण्यावर टाकू नये. काच उलटी बसलेली असण्याची शक्यताही तपासावी.

येथे महत्त्वाचे हे की दोष, त्याचे कारण आणि त्यावरचा उपाय या तिन्ही गोष्टी छायाचित्रकाराच्या आवाक्यात होत्या. सुतार, काच कापणारा आणि स्वतःचा डोळा एवढ्यावर भागत असे.

कारागिरीचा प्रदेश

या भागात चित्रकला आणि यंत्रकाम यांची जवळीक विलक्षण होती. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. अजिंठा व वेरूळ या विषयांवर त्यांनी सचित्र ग्रंथ सिद्ध केले आणि औंधच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदाभ्यासक म्हणून सर्वज्ञात आहेत. परंतु औंधला येण्यापूर्वी चित्रकला आणि छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय होता, लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता, हे आपण सहसा विसरतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी गेले होते. काही रंग ओळखण्यात त्यांची दृष्टी कमी पडते असे आढळले आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. त्यांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. डोळ्याच्या एका उणिवेने दक्षिण महाराष्ट्राला नांगराचा कारखाना दिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण अगदीच चूक होणार नाही.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांचा प्रयोग पाहावा. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणला होता. बाबूरावांनी मात्र आनंदराव पेंटर यांच्यासह स्वतःच यंत्र घडवण्याचा ध्यास घेतला. आनंदरावांचे १९१६ मध्ये निधन झाले. त्यानंतर दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा पूर्ण झाला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. 'पहिला स्वदेशी कॅमेरा' म्हणून या घटनेचा गौरव होतो व तो योग्यच आहे. तथापि कॅमेरा घडवण्यात पेटी, दट्ट्या आणि चक्रे यांपेक्षा अवघड भाग कोणता, याची चर्चा होत नाही. फिल्म ज्या झरोक्यासमोर क्षणभर थांबते तो झरोका भिंगापासून नेमक्या अंतरावर ठेवणे, फिल्म तेथे सपाट राहील अशी व्यवस्था करणे आणि फोकस पाहण्याची सोय त्याच प्रतलावर आणणे, हा खरा कस आहे. त्या काळच्या चलच्चित्र कॅमेऱ्यांत झरोक्यात दुधी काच धरून किंवा मागून थेट फिल्मवरच प्रतिमा पाहून फोकस साधण्याची पद्धत होती. असे यंत्र कोल्हापुरात घडवायचे म्हणजे या मोजमापावर हुकमत हवीच. ज्यांचे हात पडदे रंगवण्यात आणि लेथवर काम करण्यात सारखेच तयार होते, अशा माणसांनी ती मिळवली.

आरसा आल्यानंतर

पेटीत तिरका आरसा बसवून प्रतिमा वरच्या काचेवर पाहण्याची कल्पना जुनी आहे. योहान झान याने १६८५ मध्येच अशा पेटीचे वर्णन केले होते. व्यवहारात मात्र तिचा प्रसार विसाव्या शतकात झाला. १९२९ च्या रोलायफ्लेक्सने दोन भिंगांचा कॅमेरा रूढ केला. वरच्या भिंगातून पाहायचे, खालच्या भिंगातून टिपायचे. स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडच्या स्टुडिओंचा संसार प्रामुख्याने याच जातीच्या कॅमेऱ्यांवर, त्यातही याशिकावर, चालला. आयातीवरील निर्बंधांमुळे नवा कॅमेरा दुर्मिळ आणि महाग. म्हणून एक कॅमेरा वीस-पंचवीस वर्षे वापरला जाई. बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री घरोघरी पोहोचला, परंतु त्यात फोकस करण्याचा प्रश्नच नव्हता. तो स्थिर फोकसचा कॅमेरा, आणि म्हणूनच कदाचित निश्चिंतपणाचा.

दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्यात दोन्ही प्रतले कायमची वेगळी झाली. पाहण्याची काच वर, फिल्म मागे. एकाची जागा दुसरे कधीच घेत नाही. १९४९ च्या कॉन्टॅक्स एसने पंचकोनी लोलकाची जोड दिल्यावर एकभिंगी आरशाचा कॅमेराही डोळ्याच्या पातळीवर आला आणि तेथेही हीच स्थिती राहिली. आरसा किंचित कलला, स्क्रीनखालची चौकट दुरुस्तीनंतर नीट बसली नाही, एखादी पातळ चकती हरवली, की डोळा एक सांगतो आणि फिल्म दुसरेच दाखवते.

किती फरकाने बिघडते याचा हिशेब घालता येतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरचे भिंग एफ/१.४ वर उघडे ठेवून दोन मीटरवरील चेहरा टिपला, तर रेखीवपणाची मर्यादा डोळ्याच्या पुढे-मागे साधारण साडेसहा सेंटिमीटर भरते. स्क्रीन केवळ ०.०५ मिलिमीटरने, म्हणजे कागदाच्या अर्ध्या जाडीइतकी, दूर असेल तर फोकस सुमारे साडेसात सेंटिमीटर मागे पडतो. डोळे धूसर, कान रेखीव. तेच भिंग एफ/८ वर आणले की हा दोष झाकला जातो. भर उन्हात वर्षानुवर्षे निर्दोष वाटलेला कॅमेरा लग्नाच्या रात्री मांडवात दगा देतो, त्याचे कारण बहुधा येथे असते. छायाचित्रकार भिंगाला दोष देतो. भिंग बिचारे निर्दोष असते.

या अडचणीवर उत्पादकांनी स्क्रीनमध्येच सुधारणा केल्या. फ्रेंच तंत्रज्ञ ल्युसियँ दोदँ यांच्या नावाशी जोडली गेलेली दुभंग प्रतिमेची युक्ती त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. स्क्रीनच्या मध्यभागी विरुद्ध दिशांना उतरणाऱ्या दोन पाचरी बसवल्या की फोकस चुकल्यास उभी रेषा मध्ये तुटलेली दिसते आणि फोकस साधल्यावर ती सांधते. खांबाची कड किंवा नऊवारीचा काठ जुळवायला ही सोय उत्तम. १९५९ च्या निकॉन एफमध्ये स्क्रीन बदलता येत असे आणि कामानुसार वेगवेगळे प्रकार उपलब्ध होते. १९८२ च्या निकॉन एफएम२ मध्येही भिंगाच्या तोंडातून चिमट्याने स्क्रीन काढून दुसरी बसवता येई. पेंटॅक्स के१००० सारख्या स्वस्त आणि दणकट कॅमेऱ्यात मात्र ही मुभा वापरणाऱ्याला नव्हती.

म्हणजे दुधी काचेच्या काळात छायाचित्रकाराकडे असलेला अधिकार येथे दोन भागांत विभागला गेला. स्क्रीन बदलण्याचा हक्क काहींना मिळाला. ती योग्य खोलीवर आहे की नाही हे ठरवण्याचे काम कारखान्याकडे गेले.

स्वयंचलित फोकस आणि परतलेला प्रश्न

मिनोल्टा ७००० हा कॅमेरा १९८५ मध्ये आला आणि फोकस साधणे हे यंत्राचे काम झाले. याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला गेला नाही. स्क्रीन आता फोकस ठरवण्यासाठी नव्हे, केवळ चौकट जुळवण्यासाठी उरली. त्यामुळे दुभंग प्रतिमा गेली, आणि खरखरीतपणा कमी करून स्क्रीन अधिक उजळ करण्यात आली. एफ/४ किंवा एफ/५.६ ची झूम भिंगे वापरणाऱ्यांना उजळ प्रतिमा हवीच होती. परंतु अशी स्क्रीन भिंगातून येणारा तिरपा प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचू देत नाही. भिंग एफ/१.४ चे असले तरी डोळ्याला ते एफ/२.८ च्या आसपास असल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात धूसर असलेला भाग स्क्रीनवर रेखीव भासतो. ही चूक प्रतलाच्या अंतराची नव्हे, पडद्याच्या पोताची आहे. आणि ती कितीही काळजीपूर्वक पाहिले तरी दिसत नाही, कारण ती दाखवण्याची क्षमताच त्या पडद्यात नसते.

डिजिटल कॅमेऱ्यांच्या पहिल्या दशकात जुनी हाती फोकसची भिंगे पुन्हा वापरात आली. चांगले जुने भिंग नव्याच्या मानाने स्वस्त मिळे, आणि निकॉनसारख्या कंपनीची जोडणी १९५९ पासून मूलतः तीच राहिल्याने ते नव्या कॅमेऱ्यावर बसेही. मग जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. कॅननने २००५ च्या ५डी या कॅमेऱ्यासाठी मोठ्या छिद्राच्या भिंगांकरिता अधिक खरखरीत पोताची वेगळी स्क्रीन दिली. मंद भिंग लावल्यास ती काळोखी दिसते, ही तिची किंमत. ज्या कॅमेऱ्यांसाठी उत्पादकाने काही दिले नाही, त्यांच्यासाठी अमेरिका आणि तैवान येथील लहान व्यावसायिकांनी जुन्या दुभंग प्रतिमेच्या स्क्रीन मापात कापून विकायला सुरुवात केली.

स्क्रीन बदलली की काम संपले, असा समज पसरला. तो चुकीचा आहे. नव्या स्क्रीनची जाडी मूळ स्क्रीनहून किंचित वेगळी असू शकते आणि तेवढ्याने प्रतलांचा मेळ मोडतो. म्हणून तपासणीचा क्रम पाळावा लागतो. फिल्म कॅमेरा असेल तर मागचे दार उघडून फिल्मच्या रुळांवर दुधी काचेचा तुकडा ठेवावा, पडदा उघडा धरावा आणि दूरची वस्तू पाहावी. साताऱ्यात भोवतालच्या डोंगरांची धार यासाठी पुरेशी आहे; सांगलीच्या सपाटीवर कृष्णेच्या काठाकाठाने दूरवर दिसणारा १९२९ चा आयर्विन पूल उपयोगी पडतो. प्रथम भिंग अनंत अंतरावर खरे आहे याची खात्री होते, मग स्क्रीनवरील प्रतिमा तिच्याशी ताडून पाहता येते. डिजिटल कॅमेऱ्यात तिवईवरून तिरपे मांडलेले वर्तमानपत्र टिपावे आणि फोकस साधलेली ओळ प्रत्यक्षात कोठे रेखीव आली ते पाहावे. मागच्या ओळी रेखीव येत असतील तर स्क्रीन आरशाच्या अधिक जवळ आणायची. पुढच्या येत असतील तर दूर न्यायची. हे काम होते ते पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या अतिशय पातळ चौकटी घालून वा काढून. आपल्याकडचा कोणताही फिटर याला 'पॅकिंग देणे' म्हणेल. इंजिनाच्या बेअरिंगखाली असो की कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी, तत्त्व एकच. आरशाच्या टेकूचा स्क्रू फिरवून हेच साधण्याचा मोह होतो, पण स्वयंचलित फोकसच्या कॅमेऱ्यात दुय्यम आरसा त्याच यंत्रणेवर असल्याने ते टाळलेले बरे. स्क्रीनला बोट लागू नये, ती उलटी बसू नये, आणि लोलकापाशी प्रकाशमापक असलेल्या कॅमेऱ्यात नव्या पोतामुळे मापन बदलते हे विसरू नये. काच उलटी बसण्याचा शंभर वर्षांपूर्वीचा धोका येथे जसाच्या तसा भेटतो.

रंगमंच आणि पठार

ही दुरुस्ती कोणाच्या उपयोगाची, याचे उत्तर या दोन जिल्ह्यांत दोन ठिकाणी मिळते आणि ती दोन्ही एकसारखी नाहीत.

पहिले ठिकाण नाट्यगृह. सांगलीत ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आणि भावे यांच्या नावाचे गौरवपदक ही परंपरा आहे. मंचावरील प्रकाश अपुरा, फ्लॅश वापरणे नटाला आणि प्रेक्षकाला त्रासाचे. अशा वेळी ८५ मिलिमीटरचे भिंग एफ/१.८ वर उघडून पाच मीटरवरून चेहरा टिपायचा. रेखीवपणाची मर्यादा पुढेमागे सुमारे १८ सेंटिमीटर, स्क्रीन ०.०५ मिलिमीटरने ढळलेली असेल तर त्यातील १६-१७ सेंटिमीटर चुकीतच संपतात. नट अर्धे पाऊल पुढे आला की चित्र गेले. येथे पॅकिंगचे काम निर्णायक ठरते. नाट्यप्रयोगाचा दस्तऐवज म्हणून जे हाती उरते ते बहुधा छायाचित्रच. अभिनेत्याची नजर त्यात धूसर असेल तर संहिता आणि जाहिराती यांच्या आधारे ती परत मिळत नाही.

दुसरे ठिकाण साताऱ्यापासून जवळचे कास पठार, ज्याचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सीतेची आसवे, दवबिंदू, वायतुरा अशा वनस्पतींची फुले काही मिलिमीटरांची. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला पाकळीचा रंग नव्हे, तर पुंकेसरांची मांडणी स्पष्ट हवी असते. येथे फोकसचे गणित उलटे फिरते. फूल जितके मोठे टिपावे तितका स्क्रीनच्या अंतराचा दोष वस्तूच्या बाजूला कमी होतो. समप्रमाणात टिपताना ०.०५ मिलिमीटरची चूक वस्तूकडेही केवळ ०.०५ मिलिमीटरच उरते आणि एफ/८ च्या छिद्रात बुडून जाते. म्हणून कासच्या कामासाठी पॅकिंगच्या मागे लागणे व्यर्थ आहे. अडचण वेगळीच येते. भिंग पुढे सरकल्याने प्रकाश कमी होतो आणि दुभंग प्रतिमेचा अर्धा भाग काळा पडतो. लग्नाच्या मांडवात जी स्क्रीन वरदान, तीच पठारावर अडथळा. फुलांसाठी मध्यभागी काहीही नसलेली, साधी खरखरीत स्क्रीन बसवावी लागते. निकॉन एफएम२ च्या संचात ती स्वतंत्रपणे मिळत असे. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी फिल्मच्या काळातील पारदर्शिकांचे संच तपासताना हा भेद ध्यानात ठेवावा. धूसर चित्र पाहून छायाचित्रकाराच्या कौशल्याविषयी मत बनवण्याआधी त्याच्या कॅमेऱ्यात कोणती स्क्रीन होती, हे विचारणे न्यायाचे. टोपली कारवीसारखी वनस्पती सात वर्षांनी एकदा फुलते. तिच्या एका बहराची चित्रे हुकली तर पुढच्या बहरापर्यंत विद्यार्थ्यांची पिढी बदललेली असते.

२००७-०८ पासून कॅमेऱ्याच्या पाठीमागील पडद्यावर थेट प्रतिमा मोठी करून पाहण्याची सोय सर्रास झाली आणि त्यानंतर आरसा नसलेले कॅमेरे आले. त्यांत पाहण्याचे आणि टिपण्याचे प्रतल पुन्हा एकच आहे. काळ्या कापडाखालच्या दुधी काचेपासून सुमारे दीडशे वर्षांनी. फरक एवढाच, की ही काच फुटली तर एमरीची पूड आणून ती घासता येत नाही. आरशाचे कॅमेरे अजून शेकडोंनी वापरात आहेत. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील कपाटांतही ते आहेत. त्यांच्या जडसंग्रह नोंदवहीत कॅमेऱ्याचा क्रमांक असतो, भिंगाचा असतो; स्क्रीन कोणती बसवली आहे आणि तिच्यापाशी किती पॅकिंग आहे, यासाठी रकाना नसतो.